हेडमास्तरांच्या टाचा

"साचा म्हणजे काय, हे या जगात दोघांनाच कळतं," साचेराव छाती फुगवून म्हणायचे. "एक निसर्गाला, आणि दुसरा तुमच्यासमोर बसलाय!"

असं बोलणाऱ्या माणसाचं पुढं काय होतं, हे वेगळं सांगायची गरज नसते. पण मी सांगणार. पोटात ठेवलं तर मला अन्न पचायचं नाही.

साचेराव हे अर्थात टोपणनाव. सिनेमातले राक्षस, भुतं, दोन डोक्यांचे सरडे असल्या मंडळींचे साचे काढायचे आणि त्यात रेझिन नावाचा, ओतल्यावर घट्ट होणारा रस ओतून एकाचे सहा करायचे, हा त्यांचा धंदा. घराच्या मागच्या खोलीत फळीवर सात मुंडकी, खुंटीला तीन शेपट्या, आणि खिडकीत वाळत घातलेली दीड हात लांब जीभ. नवा पोस्टमन एकदा चुकून मागच्या दाराने आला. तेव्हापासून तो त्यांची पत्रं कोपऱ्यावरच्या दुकानात ठेवून जातो.

सगळा सिनेमाधंदा साचेरावांना मानायचा. मानत नव्हता तो एकच माणूस, आणि तो नेमका त्यांच्याच घरात राहायचा. सासरे! निवृत्त हेडमास्तर. सहा वर्षांपूर्वी मुलीकडे राहायला आले, त्या दिवसापासून रोज सकाळी चष्म्यावरून बघत एकच प्रश्न : "काय जावईबापू, बाहुल्यांचं कसं काय चाललंय?"

बाहुल्या! साचेरावांच्या काळजाला तो शब्द असा लागायचा, जसा नव्या बुटातला खडा. दिग्दर्शकांनी पाठ थोपटली, वर्तमानपत्रात फोटो आला, पण सासऱ्यांच्या तोंडून एकदा "वा!" ऐकल्याशिवाय या माणसाला चैन पडणार नव्हतं.

अशात नवं काम आलं. दलदलीत राहणारा राक्षस, आणि त्याची पावलं. दिग्दर्शक म्हणाला, "दोनशे वर्षं चिखलात चाललेले पाय पाहिजेत."

साचेरावांनी मातीत पायांचे तीन जोड घडवले. दिग्दर्शकाने तिन्ही नापास केले. "अहो, हे पाय चाललेले वाटत नाहीत. सोफ्यावर बसलेले वाटतात! शनिवारी चार वाजता आमच्या मॅनेजरबाई येतील. पसंत पडलं तर ठीक, नाहीतर काम दुसऱ्याकडे."

शुक्रवारी संध्याकाळी साचेराव डोकं धरून बसले होते. समोर हेडमास्तर स्टुलावर पाय टाकून पेपर वाचत होते. साचेरावांनी सहज मान वर केली आणि ते जागच्या जागी थिजले.

ते पाय! चाळीस वर्षं रोज दोन मैल चालत शाळेला गेलेले पाय! टाचांवर अशा भेगा, की नकाशा काढायला बसावं. अंगठ्याचं नख कासवाच्या पाठीसारखं. करंगळी अशी वळलेली, जणू बाकीच्या बोटांशी तिचं भांडण आहे. सहा वर्षं हा खजिना घरात होता, आणि हा गाढव माती मळत बसला होता!

पण मागायचे कसे? 'बाबा, राक्षसासाठी तुमचे पाय द्या' असं म्हणायला वाघाचं काळीज लागतं. साचेरावांचं सशाचं होतं.

"बाबा," ते जिभेवर मध घोळवून म्हणाले, "माझ्या मनात होतं, की आपली पावलं जतन व्हावीत. कायमची."

पेपर खाली आला. "जतन? कुणासाठी?"

"पुढच्या पिढ्यांसाठी!"

हेडमास्तर बराच वेळ आपल्या पायांकडे बघत राहिले. "सुचायला उशीर झाला तुम्हाला," ते म्हणाले, "पण सुचलं हे विशेष. मात्र उद्या पाचला मी शाळेत बक्षीस समारंभाला प्रमुख पाहुणा आहे. त्याआधी मोकळं करा."

"बाबा, एका तासाचं काम!"

हे ऐकून बायकोने स्वयंपाकघरातून डोकं बाहेर काढलं. "अहो, तुमचा एक तास म्हणजे आमचा किती?"

"तू बघच!"

शनिवारी दुपारी दोन वाजता हेडमास्तर टेबलावर उताणे, पाय कडेबाहेर. साचेरावांनी पायांना तेल चोळलं, त्यावर सिलिकॉनचा थर दिला. सिलिकॉन म्हणजे रबरासारखं मऊ. पायाची रेघ न् रेघ उचलतं. पण मऊ असल्यामुळे आकार धरत नाही, म्हणून त्याच्यावर प्लास्टरच्या पट्ट्यांचं कडक कवच चढवायचं. आणि कवच चढवताना पहिला नियम, शिकाऊ पोरालाही पाठ असलेला : मध्ये फट ठेवायची, म्हणजे कवच दोन फाळ्यांत उघडतं. फट नाही ठेवली तर आतली वस्तू आतच!

साचेरावांनी हा नियम हजार वेळा पाळला होता. पण हजार वेळा आतली वस्तू मुकाट होती. राक्षसाचं मुंडकं काही बोलत नाही. हेडमास्तर बोलत होते.

"तिकडे कमी लागलंय. हं, तिथे. सारखं लावा. शाळेतली पोरं भिंतीला चुना लावायची तीही असाच."

"हो बाबा."

"ओठ कशाला चावताय? आत्मविश्वास ठेवा."

"हो बाबा."

"दोन्ही पाय वेगवेगळे कशाला? एकातच घ्या, वेळ वाचेल."

"हो बाबा!"

'हो बाबा'च्या भरात साचेरावांचे हात सरसर फिरले. दोन्ही पाय, घोट्यांच्या वरपर्यंत, एकाच कवचात. गुळगुळीत. देखणं. कुठेही फट म्हणून नाही!

तीन वाजता कवच दगडासारखं वाळलं. साचेरावांनी कौतुकाने त्यावर टिचकी मारली, फट शोधायला बोट फिरवलं, पुढून फिरवलं, मागून फिरवलं, मग वाकून खालूनही फिरवलं. फट नव्हतीच!

"झालं?" हेडमास्तरांनी विचारलं.

"झालं बाबा. फक्त... निघत नाहीये."

"म्हणजे?"

"करवतीने दोन मिनिटांत..."

"करवत?" हेडमास्तर कोपरांवर उठले. "जावईबापू, तुम्ही परवा भिंतीत खिळा मारलात तो शेजाऱ्यांच्या दिवाणखान्यात निघाला! माझ्या पायाला करवत लावणार असेल तर तो डॉक्टर. दुसरा कुणी नाही!"

बायको धावत आली. तिने बाबांकडे पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं. "एक तास ना?" एवढंच म्हणाली. शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं.

हाडांचे डॉक्टर कोपऱ्यावरच. हेडमास्तरांना चाकांच्या खुर्चीत बसवलं, पाय पुढे तोफेसारखे, आणि वरात निघाली. (समारंभासाठी घातलेला कोट, टाय, आणि खाली हे!) वाटेत ज्याने त्याने विचारायचं. "अरेरे, पडलात का हो?" "दोन्ही पाय?" "या वयात!" एका जुन्या विद्यार्थ्याने तर गाडी थांबवून डोळे पुसले. हेडमास्तर प्रत्येकाला एकच उत्तर देत होते : "पडलो नाही. मुलगी दिली!"

डॉक्टरांनी आधी पायांचा एक्स-रे फोटो काढला. नियम म्हणजे नियम. मग तो उजेडात धरून कपाळाला आठ्या घातल्या.

"हाड कुठेच मोडलेलं नाही."

"नाहीच मोडलेलं!"

"मग प्लास्टर कुणी घातलं?"

"जावयाने."

डॉक्टरांनी चष्मा काढून साचेरावांना नीट न्याहाळलं. "तुमचं काही भांडण होतं का?"

"आतापर्यंत नव्हतं," हेडमास्तर म्हणाले.

कापायचं यंत्र घूं घूं करत सुरू झालं, आणि साचेरावांच्या अंगातला कारागीर उसळला. "डॉक्टर, घोट्याच्या बाजूने घ्या! सरळ नको, थोडं नागमोडी, म्हणजे फाळे पुन्हा नीट बसतील. अहो हळू, कड तुटेल!"

"कुणाची कड?" हेडमास्तर ओरडले.

"साच्याची, बाबा!"

"आणि मी?"

"तुम्ही काय, बरे व्हाल हो!"

शेवटी कवच उघडलं. मागून चिरून सिलिकॉन मोज्यासारखं उतरलं. आणि आत? आत टाचेची एकेक भेग, नखाचा एकेक चर, अस्साच्या अस्सा उठलेला! साचेरावांच्या डोळ्यांत पाणी आलं. डॉक्टरही वाकून बघायला लागले. नर्स आली, कंपाउंडर आला, बाहेर बसलेला हात मोडलेला पेशंट आला. हेडमास्तरांनी हळूच मान पुढे केली. तेवढ्यात दार उघडलं आणि घरून पत्ता घेऊन आलेली सिनेमाची मॅनेजरबाई आत शिरली.

"साचेराव, चारची वेळ ठरली होती, पाच वाजत आले! आमच्या राक्षसाचे पाय तयार आहेत का?"

पुढे केलेली मान हेडमास्तरांनी सावकाश मागे घेतली.

"राक्षस?" हेडमास्तर म्हणाले. आवाज हळू होता. हेडमास्तरांचा हळू आवाज फार वाईट असतो.

"बाबा, ते... म्हणजे पुढच्या पिढ्या... सिनेमा बघतातच ना..."

हेडमास्तर उठले. अनवाणी. त्यांनी उजवा पाय उचलला. खाली, बरोबर टाचेखाली, साचा पडलेला. एक दणका, की काम गेलं, नाव गेलं, आणि घरात सहा वर्षं मिळाली नाही ती अब्रू उरलेली सहा तपं मिळायची नाही. साचेरावांनी डोळे मिटले.

"बाई," वरून आवाज आला, "हा राक्षस मुख्य आहे, की किरकोळ?"

"मुख्य! सिनेमाच त्याच्या नावाचा आहे."

"बोलतो?"

"नाही. नुसता चालतो."

पाय हवेतच होता. "चालण्यातच सगळं असतं," हेडमास्तर म्हणाले, आणि पाय अलगद बाजूला टेकवला. "जावईबापू, बूट द्या. पाचला सात मिनिटं कमी आहेत."

पुढचं काम म्हणजे साचेरावांचा डाव्या हातचा मळ. रेझिनचे दोन भाग मिसळायचे, फाळे आवळून साच्यात ओतायचे, अर्ध्या तासात घट्ट. रविवारपर्यंत पायांचे सहा जोड ओळीने उभे! दिग्दर्शकाने एक टाच हातात घेतली आणि म्हणाला, "अशा भेगा माणसाच्या हातून होत नाहीत."

सिनेमा लागला, त्या दिवशी हेडमास्तरांनी दोन रांगा भरून नातलग नेले. पडद्यावर धुकं. चिखल. आणि चिखलातून सावकाश वर आलेली ती टाच! पडदाभर! पुढच्या रांगेतलं पोर किंचाळलं. हेडमास्तर शेजारच्या अनोळखी माणसाला म्हणाले, "घाबरू नका. स्वभावाने चांगला आहे."

खेळ सुटला. लोक बाहेर पडत होते. साचेराव जिन्याशी मुद्दाम रेंगाळले. हेडमास्तर आले, थांबले, आणि त्यांनी जावयाच्या खांद्यावर हात ठेवला. सहा वर्षांत पहिल्यांदा!

"जावईबापू, वा!"

साचेरावांनी वाकून सासऱ्यांच्या पायांना हात लावला. त्याच पायांना!

"मी या कामाला बाहुल्या म्हणत होतो. चुकलो. असं जिवंत काम मी पडद्यावर आजवर पाहिलेलं नाही."

"बाबा..." म्हणत साचेरावांनी रुमाल काढला. बायकोनेही पदर डोळ्यांना लावला.

"म्हणून मी ठरवलंय," हेडमास्तर ताठ उभे राहत म्हणाले. "पाय तर मी उत्तमच केले. पुढच्या सिनेमाला चेहरा द्यायचा. अख्खा! फक्त साचा काढायला एखादा शिकलेला माणूस बघा. या धंद्यात तुमच्या ओळखीचं कुणीतरी असेलच की!"