चंचलच्या वजनाची पुस्तकं

लेकरं वाढवायची विद्या आपल्याइतकी साऱ्या बेला गावात कुणाला नाही, असं रेणुकाबाईंचं ठाम मत होतं. आणि मत स्वतःपाशी ठेवायची त्यांना मुळीच सवय नव्हती! नवऱ्याच्या किराणा दुकानात मीठ घ्यायला आलेल्या बाईलाही त्या पुडीबरोबर ते बांधून देत. "लेकराच्या ताटात भाकर वाढा, हातात पुस्तक द्या, अन् आरसा उंच टांगा! मंग पाहा कसं लेकरू निपजते ते!"

त्यांच्या घरातला आरसा खरोखरच इतका उंच होता, की त्यात वामनरावांचं, म्हणजे त्यांच्या यजमानांचं, फक्त कपाळ दिसे. बिचारे वामनराव गेली कित्येक वर्षं अंदाजानेच दाढी करत आणि हनुवटीवर कापसाचा बोळा चिकटवून दुकानात बसत. कापसाच्या गावात त्याचं कुणाला नवल वाटत नसे.

या विद्येचा चालताबोलता नमुना म्हणजे नात चंचल. सहावीत गेलेली, गुबगुबीत, हसरी. हातात गोष्टीचं पुस्तक असलं की शेजारी घर पेटलं तरी मान वर करायची नाही. जन्मली तेव्हा मात्र ही उंदराच्या पिलाएवढी होती! तेव्हा रेणुकाबाई पोचमायच्या देवळात नवस बोलल्या होत्या, "माय, पोरगी धडधाकट होऊ दे, तिच्या वजनाचा गूळ वाहीन." इकडची, तेलंगणातली, ही जुनी रीत. आपले तेलुगू शेजारी त्या गुळाला बंगारम म्हणतात. बंगारम म्हणजे सोनं. पण नवस फेडायचं दरवर्षी राहून जाई. कधी कापूस वेचायला बाया मिळत नसत, कधी घरात लग्न निघे. रेणुकाबाईंना त्याचं फारसं दुःख नव्हतं. पोरगी आणखी भरली तर देवीला गुळाच्या दोन भेल्या जास्तच जातील की! यंदा मात्र नवस फेडायचं पक्कं ठरलं होतं.

त्यांच्या लहानपणी अंगाने भरलेली पोर म्हणजे घराची शोभा होती. पाहुणा आला की आधी तिचा गालगुच्चा घेई, मग पाणी मागे. कापूस घरात आला की ओसरीत आढ्याला टेकेल असा ढीग लागायचा. पोरंपोरी माळ्यावरून त्यात उड्या मारायची, आणि जी सगळ्यात खोल रुतेल ती जिंकली! रेणुका दरवर्षी जिंकायची. एकदा तर तिला बाहेर काढायला दोन गडी लागले होते. तो दिवस आठवला की त्यांची मान अजूनही ताठ होते.

पण हल्लीच्या ऑटोंना हे कोण सांगणार?

एका बाजाराच्या दिवशी शेजारची रुख्मिणीबाई भरल्या ऑटोत सगळ्यांसमोर म्हणाली, "चंचले, तू मधात बैस वं बाय! कडेले बसली तं ऑटो कलंडते!" झालं. सगळा ऑटो हसला. ड्रायव्हरही हसला. त्या संध्याकाळी चंचलने भाकरीचं ताट दूर सरकवलं.

"काऊन वं? भूक नाही?" रेणुकाबाईंनी विचारलं.

"हाये. पण खायाची नाही."

दुसऱ्या दिवशी तिने फक्त काकडी खाल्ली. तिसऱ्या दिवशीही काकडीच. अंबाडीची भाजी, तिळाची चटणी, ताजं लोणी, सगळं तिच्यासमोर येई आणि सुतकात पाहुणे परतावेत तसं मुकाट्याने परत जाई. सुनेने, भाग्यश्रीने, समजावलं, रागावलं, शेवटी स्वतःच रडली. आणि मग एके दुपारी रेणुकाबाई दारातून आत आल्या, तर काय! आरशाखाली स्टूल ठेवलं होतं! स्टुलावर चंचल उभी होती, श्वास रोखून, पोट आत ओढून. एरवी मांडीवर असणारं पुस्तक कुठेतरी कोपऱ्यात पालथं पडलं होतं.

"आजी," ती खाली न उतरताच म्हणाली, "मी नवसाच्या तागडीत बसणार नाही. कितीबी ओरड. शाळेतले पोट्टे मले भेली म्हणतीन."

रेणुकाबाई रात्रंदिवस विचार करणाऱ्या बायांपैकी नव्हत्या. त्यांना विचार आला की लगेच तोंडातून बाहेर पडे.

"गूळ नाही! पुस्तकं!"

"काय?"

"तुह्या वजनाची गोष्टीची पुस्तकं! तुह्या शाळेले!"

चंचलने रोखलेला श्वास सोडला. शाळेत मराठी पुस्तकांची एकच पेटी होती, आणि तिच्यातली निम्मी पुस्तकं वाळवीने मुलांच्या आधी वाचून संपवली होती.

"पण किलो सारे पाह्यतीन नं?"

"वजनकाट्यावर आकडा दिसते, येडे! आपण तुह्या पंजोबाची कापसाची तागडी काढू. तागडी काई किलो बोलत नाही. ते फक्त 'बरोबर' म्हणते."

"अन् गुळाचा खडाबी नाही? शप्पथ?"

"शप्पथ!"

चंचल स्टुलावरून उतरली. आधी शब्द खरा होऊ दे, मग जेवीन, असं मात्र तिने सांगून टाकलं. आजीचंच रक्त!

शाळेतले मराठीचे गुरुजी सुधाकरराव तर हे ऐकून इतके हरखले, की स्वतः मोटारसायकलवर नदीपलीकडे महाराष्ट्रात जाऊन दोन पोती पुस्तकं घेऊन आले. नातीच्या वजनाचा अंदाज वामनरावांनी सांगितला होता. जन्मभर तोलायचंच काम केलेला माणूस, त्याचा अंदाज चुकणार कसा?

सगळं जमलं होतं. नेमकी तेव्हाच रेणुकाबाईंना पोचमाय आठवली.

देवीला शब्द दिला होता गुळाचा, आणि देणार काय, तर गोष्टीची पुस्तकं! देवी काय शाळेत गेली होती? रागावली तर? पण नातीला दिलेली शप्पथही होतीच. मग त्यांनी एक तोड काढली, आणि ती काढल्यावर स्वतःच्याच हुशारीवर खूष होऊन गालातल्या गालात हसल्या. तुलेच्या सकाळी कुणी यायच्या आत त्या देवळात गेल्या. समोरच्या कडुलिंबाला तागडी टांगलेली होतीच. पुस्तकांच्या पारड्यात त्यांनी पाच-पाच किलोच्या दोन भेल्या ठेवल्या, वर सतरंजीची जाड घडी घातली, त्यावर झेंडूची फुलं पसरली. वर पुस्तकं आली की गूळ कुणाला दिसणार? देवीला गूळ, शाळेला पुस्तकं, नातीला सुख!

थोड्या वेळाने वामनराव आले आणि डोळे बारीक करून तागडीकडे पाहू लागले.

"हे पारडं झुकून राह्यलं वं! पासंग पाह्यला काय कोणी?"

"पाह्यला! सतरंजीचं वजन हाये ते."

"सतरंजी येवढी?"

"जुनी हाये! पहिलेच्या सतरंज्या जडच राहत होत्या!"

पुढे बोलायला वामनरावांचं लग्न नवं नव्हतं.

गाव जमलं. डफडं वाजलं. चंचल नवा परकर-पोलका घालून, मान खाली घालून आली. आता पाहा, वाचकहो, एका पारड्यात नुसती कोरडी लाकडी फळी आणि दुसऱ्यात मऊ सतरंजी, वर झेंडूची फुलं. पोरीला कुठे बसवायचं हे कुणी कुणाला विचारलंसुद्धा नाही! रुख्मिणीबाईने चंचलचा दंड धरला आणि थेट सतरंजीवर नेऊन बसवलं.

"तिकडं नाही! इकडं बसवा!" रेणुकाबाई किंचाळल्या.

"काऊन? लेकराच्या खाली काय लाकूड घालता? चांगलं आसन केलं नं तुमीच!"

"ते... ते पुस्तकाचं आसन हाये!"

"घ्या! पुस्तकायले कधीपासून फळी टोचाले लागली?"

सगळे हसले. डफडं जोरात वाजलं. गुळाचं सांगावं, तर शप्पथ मोडल्याचं साऱ्यांना कळणार! रेणुकाबाई पारड्याभोवती नुसत्या घिरट्या घालू लागल्या.

सुधाकररावांनी पुस्तकं रचायला सुरुवात केली. एक पोतं रिकामं झालं. चंचल जमिनीवरच. दुसरं पोतं रिकामं झालं. चंचल जमिनीवरच! तिचं पारडं लिंबाखाली असं घट्ट बसलं होतं, जणू त्याला मुळं फुटली होती.

"आणखी आणा!" कुणीतरी ओरडलं, आणि गावात एकच धावपळ उडाली. लोक घरोघर पळाले. कुणी पोथी आणली, कुणी पंचांगं आणली. कुणाच्या पोराची तेलुगू पाठ्यपुस्तकं आली, कुणी लग्नाचा अल्बम आणला. एका आजोबांनी धावत येऊन औषधाच्या गोळ्यांसोबतची चिठ्ठी ठेवली, तेवढाच हातभार! पुस्तकांचं पारडं थोडं कुरकुरलं, पण हललं नाही.

"अवं माय!" रुख्मिणीबाईने तोंडाला पदर लावला. "अजून नाही? काय खाऊ घालता वं पोरीले?"

वामनराव तर हादरूनच गेले होते. "माहा अंदाज चुकला?" ते पुटपुटत होते. "माहा? अंदाज?"

रेणुकाबाईंना मात्र आता कुणाचंच ऐकू येत नव्हतं. त्यांना फक्त चंचल दिसत होती. येणाऱ्या प्रत्येक पुस्तकाबरोबर पोर जरा जरा लहान होत होती. आधी तिने हात पोटावर घेतले. मग गुडघे छातीशी घेतले. आता तिने पोट आत ओढून श्वास रोखला होता, स्टुलावर रोखला होता तसाच. हे लेकरू आज असं उठलं, तर पुन्हा ताटावर बसेल का? इकडे पोरीला दिलेली शप्पथ, तिकडे देवीचा नवस, आणि वरून सगळ्या गावासमोर फजिती!

देवी काय करायचं ते करो!

"थांबा!" त्या इतक्या जोरात ओरडल्या की डफडं वाजायचं थांबलं. "पोरगी जड नाही! पोरीच्या खाली गूळ हाये! म्याच ठेवला!"

मग वामनरावांनी नातीला उठवलं, सतरंजी उचलली आणि दोन भेल्या वर धरल्या. त्यांचा चेहरा असा उजळला, जणू कोर्टातून निर्दोष सुटले होते!

"सांगत होतो नं! माहा अंदाज चुकत नाही!"

देऊळभर हशा पिकला. एकटी चंचल हसली नाही. "आजी! तू शप्पथ घेतली होती!"

"घेतली होती वं बाय. देवीचं भेव वाटलं."

"अन् माहं काय? मी अंदरून मरून राह्यली होती!"

रेणुकाबाईंनी स्वतःचे कान धरले. हे पहिल्यांदाच घडत होतं.

गुळाच्या भेल्या देवीपुढे गेल्या आणि चंचलला पुन्हा बसवलं. आता पुस्तकं भारी झाली! चंचल सुर्रकन वर गेली. सुधाकरराव एकेक पुस्तक उतरवू लागले. अल्बम गेला, पंचांगं गेली, पोथी गेली, तेलुगू पुस्तकं गेली. तरी ती वरच. कारण या दोन आठवड्यांच्या काकडीने आपलं काम केलं होतं! वामनरावांचा अंदाज होता भाकरी खाणाऱ्या चंचलचा. गुरुजींनी मग नव्या पुस्तकांतलं सगळ्यात जाड, रंगीत चित्रांचं प्राण्यांचं पुस्तक उचललं.

"सर! ते नका काढू!" चंचल वरून ओरडली.

"अगं, मग तोल कसा जमेल? हे पुढच्या वर्षी."

चंचलने त्या पुस्तकाकडे पाहिलं. कव्हरवरच्या हत्तीने चंचलकडे पाहिलं. मग तिने पारड्यातून सरळ खाली उडी मारली.

"पाच मिनिटं थांबा, सर. मी जेवून येतो!"

भाग्यश्रीने शिदोरी सोडली. चंचल देवळाच्या पायरीवर मांडी ठोकून बसली. भाकर, अंबाडीची भाजी, वर लोणी, आणखी भाकर! रेणुकाबाई पदराने डोळे पुसत वाढत होत्या आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होत्या, "पाहा, म्या काय म्हणत होती? लेकराले आपल्या अंगाची लाज वाटूच देऊ नये! अंग म्हणजे देवाचं देणं! त्याच्यात लाजाचं काय?"

चंचलचा घास हातातच थांबला.

"आजी, दोन भाकरींनी काई ते पुस्तक येत नाही. तू बस नं तागडीत. तुह्या वजनात तं सारे पुस्तकं येतीन!"

"मी?" रेणुकाबाईंनी पदर पोटावर ओढला. "येवढ्या लोकायसमोर? माहे गुडघे दुखते वं!"

चंचलने भाकर ताटात ठेवली. "मंग मी काऊन बसली?"

रेणुकाबाईंनी देवीकडे पाहिलं, ताटातल्या अर्ध्या भाकरीकडे पाहिलं, आणि हुश्श करून त्या उठल्या. डाव्या हाताने वामनरावांचा खांदा आणि उजव्या हाताने तागडीची दोरी धरून त्या पारड्यात बसल्या. लिंबाची फांदी कण्हली. गुरुजींनी हत्तीचं पुस्तक ठेवलं, मग पाठोपाठ पोथी, पंचांगं, तेलुगू पुस्तकं, अल्बम, सगळं पुन्हा आलं. शेवटी रुख्मिणीबाई घरी पळत गेली आणि आपल्या सासऱ्यांनी ठेवलेल्या दिवाळी अंकांचा गठ्ठा घेऊन आली. गठ्ठा पडला आणि रेणुकाबाई जमिनीपासून वीतभर उचलल्या गेल्या!

गावाने टाळ्या वाजवल्या. चंचल भरल्या तोंडाने ओरडली, "आजी, बरोबर!" आणि उरलेली भाकर मोडून तिने लोण्यात बुडवली.

रेणुकाबाई अभिमानाने झोके घेत होत्या. ताठ मानेने त्यांनी चारी दिशांना पाहिलं. लाज नाही, संकोच नाही, देवाचं देणं! तेवढ्यात भाग्यश्रीने मोबाइल वर धरला.

"आत्याबाई, इकडं पाहा! गावाच्या ग्रुपवर टाकतो!"

रेणुकाबाईंनी घाईघाईने पोट आत ओढलं, श्वास रोखला आणि दातांच्या फटीतून कशाबशा म्हणाल्या,

"कमरेच्या वरचाच काढ वं!"