झिंगरूकाकांची हाडपारख

आमच्या शेजारचे झिंगरूकाका भेटले की रामराम, जयभीम सगळं नंतर. आधी तुमचं मनगट त्यांच्या मुठीत जायचं. डोळे मिटून, दाबून ते निकाल द्यायचे, "कच्चं हाय. चहावर वाढलेलं हाड हाय हे." बालाघाटला नव्याने बदलून आलेल्या तहसीलदारांचं मनगटही त्यांनी भर बाजारात धरलं होतं. साहेब नापास झाले.

काकांची अर्धी हयात तिरोडीच्या खाणीत मँगनीजच्या पाट्या वाहण्यात गेली. तेवढा भार वाहून सत्तरीत ताठ उभे आहोत, हा त्यांचा अभिमान; आणि हाड पक्कं करणाऱ्या जेवणासकट तो ते गल्लीला रोज वाढत असत. धानाच्या बांधीतले खेकडे कुटून केलेला रस्सा, मुनग्याच्या, म्हणजे शेवग्याच्या पानांची भाजी, जवसाची चटणी, काट्यांसकट चावायची बारीक मासळी. कुणी काटा काढून ताटाच्या कडेला ठेवला की त्यांना अन्नाचा अपमान वाटे. मी पडलो दवाखान्यातला कंपाउंडर. माझ्या औषधांना ते रंगीत पाणी म्हणत. राग यायचा, पण त्यांच्या घरच्या रश्श्याला मी कधी नाही म्हटलं नाही.

अशा माणसाच्या घरात सायत्राकाकू विहिरीवर घसरल्या आणि पायाचं हाड मोडून बसल्या. काकांनी पंधरा दिवस कुणाचं मनगट धरलं नाही. प्लास्टर निघालं तरी काकू भीतीने पाय टेकवेनात. डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं, आता उभ्या राहिल्या नाहीत तर खाट कायमची. तुमचं खाणं चांगलंच आहे, ते चालू ठेवा, पण जोडीला कॅल्शियमच्या गोळ्या द्या. गोळ्यांची डबी मीच काकांच्या हाती दिली.

आठ दिवसांनी सहज डोकावलो, तर काका पानावर चुन्याऐवजी त्याच गोळ्यांचा चुरा पसरत बसलेले. डबी रिकामी. काकूंना विचारलं, तर त्यांना एकही गोळी मिळालेली नव्हती. माझं टाळकंच सरकलं. वडीलधारा माणूस हेही विसरून मी त्यांना नको तेवढं बोललो. बायको खाटेवर आणि तुम्ही तिची दवा पानात घालून चघळता, असंसुद्धा म्हणालो.

काकांनी पान खाली ठेवलं.

"नवी दवा हाय बाबू. काही उलटं झालं तं पहिले मले झालं पाह्यजे. आठ दिवस खाऊन पाह्यली, काही नाही झालं. आता तिले देतो."

मी जाऊन दुसरी डबी आणून दिली. आपल्या जिभेची मला इतकी लाज कधी वाटली नव्हती.

काकू मग रोज सकाळी भिंतीला धरून उभ्या राहू लागल्या. काका त्यांना आधार देत नसत. एकदा धरलं तर ती धरूनच चालेल, असं त्यांचं म्हणणं. दीड-दोन महिने हे चाललं. एका रविवारी काकूंनी भिंत सोडली, खोली पार केली, उंबरा ओलांडला आणि बाहेरच्या ओट्यावर येऊन बसल्या. अख्खी गल्ली जमली. श्रेय खेकड्यांचं की गोळ्यांचं, हा वाद घालायला मी तोंड उघडलं होतं, पण काकांकडे पाहून मिटलं. ते काकूंच्या मागोमाग, दोन्ही हात त्यांच्या पाठीपासून वीतभर लांब पसरून, श्वास रोखून आले होते. डोळे वाहत होते आणि ते पुसायचंही त्यांना भान नव्हतं.

"पाह्यलं ना सगळ्यायनं?" ते म्हणाले. "म्या हात नाही लावला. सोताच आली."