तळ्याच्या पाण्याविषयी बावीस ओव्या

हे विश्वंभरा, सर्वांच्या मुखी तुझे नाम आणि सर्वांच्या घागरीत निर्मळ जळ असू दे. नमन लांबवण्याची खोड आम्हां वृद्धांना असतेच; आज मात्र एवढ्यावरच थांबतो. बाळांनो, ऐका.

एका जंगलात, तळ्याच्या काठी, त्रिंबकअण्णा नावाचे वयोवृद्ध कासव राहत असे. अण्णा मोठे भाविक, आणि ओव्या रचण्यात निष्णात. म्हणूनच वाघमहाराजांनी त्यांना सूचनाखात्याचे प्रमुख नेमले होते.

एके दिवशी राजवैद्य मुंगूस धापा टाकीत आले.

"अण्णा, तळ्यात रानडुक्कर मरून कुजलंय. दवंडी द्या. तळ्याचं पाणी पिऊ नका, झऱ्याचं प्या."

"एवढंच?" अण्णांचा चेहरा उतरला. "वैद्यबुवा, राजाज्ञा अशी उघडीवाघडी कशी पाठवायची? तिला थोडं वस्त्र नको?"

दोन दिवस अण्णा ते वस्त्र विणीत बसले.

"अहो, पाणी प्यायचं की नाही, तेवढं सांगा ना," पत्नी भागीरथीकाकू म्हणाल्या.

"एकविसाव्या ओवीत येईल. आधीच सांगितलं तर रसभंग होतो."

"रस राहू द्या. माझा घसा सुकलाय!"

तिसऱ्या दिवशी सकाळी सभा भरली. सात ओव्या देवांच्या झाल्या, आठ महाराजांच्या वंशाच्या, पाच जळाच्या महिम्याच्या. मग अण्णांनी डोळे मिटून एकविसावी म्हटली:

अचल ते त्यजावे । निर्झर ते भजावे ।
वैद्यवचन जाणावे । सुज्ञ जनीं ॥

"केवढं हे वैराग्य!" सांबराने डोळे पुसले. "संसार सोडा म्हणतायत हो."

बाविसाव्या ओवीत फलश्रुती झाली. आता अशा मंगल वाचनाची सांगता तीर्थाविना कशी व्हावी? ओव्यांच्या तंद्रीत अण्णांनी तळ्यातूनच तांब्या भरला, त्यात तुळस सोडली आणि भक्तिभावाने प्रत्येकाला पळीपळी दिले. तहानलेल्या काकूंनी तीनदा मागून घेतले.

दुपारपर्यंत सारी सभा झुडपाआड होती. काकूंना तर मानही उचलवेना.

वैद्यांनी काढा पाजला. "काकू, तळ्याचं पाणी दिलं कुणी?"

काकूंनी पाय उचलून अण्णांकडे दाखवले. "यांनी. मंत्र म्हणून."

अण्णांना शब्द सुचेना. असे आयुष्यात प्रथमच घडत होते.

"भागीरथी, काय करू गं?"

"झऱ्याचं पाणी आणा. आणि वाटेत काही रचू नका."

अण्णा निघाले. कासवाचीच चाल ती, पण वाटभर ते घसा फाटेस्तोवर ओरडत होते, "तळ्याचं पाणी पिऊ नका! झऱ्याचं प्या!" ना यमक, ना अलंकार. आणि नवल असे, की ते सर्वांना कळले. जो तो झऱ्याकडे वळला. सायंकाळी झऱ्याचे पाणी पोटात गेले, तेव्हा कुठे काकूंनी मान उचलली.

पुढल्या आठवड्यात दरबारातून दोन वस्तू आल्या. बावीस ओव्यांबद्दल शाल, आणि राजाज्ञा ग्राम्य भाषेत ओरडल्याबद्दल खुलाशाची नोटीस. अण्णांनी मान खाली घालून दोन्ही घेतल्या. शाल काकूंच्या अंगावर पांघरली आणि खुलासा लिहायला बसले: "चूक झाली. पुन्हा करीन."

तात्पर्य: प्राण वाचवणारी गोष्ट सोप्या भाषेत कदापि सांगू नये. ती लोकांना कळते, आणि सांगणाऱ्याला मग कोणी विद्वान म्हणत नाही.

ऐकणाऱ्या प्रत्येकाचे व त्याच्या घरादाराचे विश्वंभर रक्षण करो. अंथरुणाला खिळलेले उठून बसोत. आणि आमच्यासारखा पाल्हाळ लावणारा ज्या घरी असेल, त्या घरी "मुद्द्याचं बोला" म्हणणारे माणूस शतायुषी होवो.