शेषरावकाकांची लेकरं

"हळू बोल बे, लेकरं झोपून राह्यले!"

शेषरावकाकांच्या घरात पाऊल टाकलं की आधी हे ऐकावं लागतं. लेकरं म्हणजे दगड. पलंगावर ओळीनं निजवलेले, प्रत्येकाच्या अंगावर गोधडीचा तुकडा.

तसे साधे दगड नाहीत हो ते. सालबर्डीकडच्या नाल्यांतून काकांनी वेचून आणलेली डायनासोरची हाडं आहेत. त्यातही फक्त पिल्लांची, अन् तीही पाला खाणाऱ्यांची. काका जन्मभर ढोरांच्या दवाखान्यात कंपाउंडर होते. वासराच्या हाडाचं टोक कसं कच्चं असतं, तसंच यांचं, म्हणून पिल्लू ओळखू येतं म्हणे. मोठं हाड सापडलं तर तिथंच ठेवून येतात. "मोठ्याले काय, तो राह्यते एकटा."

"अन् मांस खाणाऱ्यांची पिल्लं?" मी एकदा विचारलं.

"आपल्या घरात कोनी मटन खाते काय?"

इथवर ठीक होतं. पण या उन्हाळ्यात काकांनी मागचं दार काढून चौकटीसकट अख्खी भिंत पाडली! अकोल्याच्या जठारपेठेत आमची घरं पाठीला पाठ लावून. त्या खिंडारातून साऱ्या गल्लीची कुत्री माझ्या अंगणात. मी तणतणत गेलो.

"काका, भिंत काहून पाडली?"

"या लेकरायची माय एवढ्याशा दारातून कशी येईन?"

"अहो, तिला मरून कोट्यवधी वर्षं झाली!"

काका विटा बाजूला सारत म्हणाले,

"मेल्यावर माय शोधनं सोडते काय रे?"

आता या माणसाशी काय बोलायचं? मी सरळ गवंडी घेऊन आलो. थापी पाहताच काका खिंडारात आडवे झाले. "नोको बाबू. तुई काकू येईन ना!"

काकू कधीच्याच वारल्या होत्या.

मग विटांवर बसून काकांनी सांगितलं. त्यांची मुलगी दात यायच्या आधीच गेली. एवढ्याशा लेकराला जाळत नाहीत, पुरतात. तेव्हा त्यांची नोकरी सालबर्डीकडं, तिथंच नदीकाठी पुरलं. पुढं पुरात काठ वाहून गेला अन् जागाच सापडेना. अकोल्याला बदली झाल्यावरही काकू मरेपर्यंत तिथं जायच्या, पाण्यात उतरून माती चाचपायच्या आणि एसटीनं परतून, अजून न वाळलेल्या लुगड्यानं, याच मागच्या दारानं घरात यायच्या. एकदा त्यांच्या हाताला बारकं हाड लागलं. त्यांनी ते पदरात घेतलं.

"दगडाचं हाय, हे मले समजलं होतं," काका म्हणाले. "पन सांगू कसा? त्या दिवशी पह्यल्यांदा हासली बिचारी."

मला रडूच कोसळलं. गवंड्याला परत पाठवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेऊन गेलो. काका गाढ झोपले होते. मे महिन्यातल्या अकोल्यात खिंडाराजवळची माती ओली होती. ओल पलंगापर्यंत गेलेली. सगळ्यात बारक्या हाडाची गोधडी कुणीतरी नीट वर ओढली होती.

कूलरचं पाणी असेल, असं मी घरी बायकोला सांगितलं.

काकांकडं कूलर नाही.