प्रोफेसरांचा आवाज कोणी चोरला?

"जगात दोन प्रकारची माणसं असतात," सासरे सांगत, "एक डोळे असलेली आणि दुसरा मी."

हे वाक्य धड बसत नाही, हे त्यांना कोणी सांगत नसे. कारण ऐकणारा घरजावई होता आणि तो ज्या घरात बसून ऐकत होता ते घर सासऱ्यांचं होतं.

सासऱ्यांनी जन्मभर पाण्याचे मीटर वाचले. लोकांच्या मोऱ्यांत, जिन्याखाली, अडगळीत ओणवं होऊन आकडे टिपले. निवृत्त झाल्यावर त्यांना साक्षात्कार झाला की आपण इतकी वर्षं आकडे नव्हे, माणसं वाचत होतो. लगेच दारावर पाटी लागली: 'खासगी शोधक. बारीकसारीक गुन्हे स्वीकारले जातील.' बारीकसारीक हा शब्द सासूबाईंनी घालायला लावला. गल्ली त्यांना मीटरराव म्हणे. त्यांच्या नावावर आजवर एकच यश जमा होतं. शेजाऱ्यांची हरवलेली मांजर त्यांनी शोधून आणली होती. ती शेजाऱ्यांची नव्हती, पण मांजर होती याबद्दल कोणाचं दुमत नव्हतं.

जावई त्यांचा सहायक. ही नेमणूक लग्नाबरोबर आली होती. काम म्हणजे बॅटरी धरायची, सासरे थांबले की थांबायचं आणि ते वळून बघतील तेव्हा "वा" म्हणायचं.

पण रविवारची दुपार जावयाची स्वतःची होती. कोपऱ्यावरच्या सलूनमध्ये तो दाढीला जाई आणि दाढी झाल्यावरही उठत नसे. घरात त्याला भाजी कुठली करू हेही कोणी विचारत नव्हतं. सलूनमध्ये मात्र दोन म्हातारी माणसं, टेलरमास्तर आणि टपालकाका, दर रविवारी त्याच्याकडे मान वळवून म्हणत, "तू सांग रे, कोण बरोबर?" अख्ख्या जगात एवढ्या एकाच ठिकाणी कोणीतरी त्याच्या मताची वाट बघत असे. तो मत कधी देत नसे. देऊन संपवायचं कशाला?

वाद होता दोन माणसांवरून. एक चॅनल रविवारी दुपारी फुटबॉलचे जुने सामने दाखवू लागलं होतं आणि सामन्याबरोबर त्या काळच्या तज्ज्ञांची बडबडही. त्यातला एक कोट घालून फळ्यावर खडूने बाण काढायचा. त्याला सगळे प्रोफेसर म्हणत. दुसरा नाक मोडलेला माजी गोलकीपर. खेळाचं सगळं तत्त्वज्ञान तो एका वाक्यात सांगायचा, "मारला असता तर गेला असता." तो पहेलवान.

मास्तर प्रोफेसरांचे भक्त. त्यांच्या मते असा माणूस पुन्हा होणे नाही. एकेक वाक्य मापात बेतलेलं, कुठे झोळ नाही. टपालकाकांच्या मते प्रोफेसरांचं वाक्य म्हणजे चुकीच्या पत्त्यावर गेलेलं पाकीट, गावभर हिंडून पाठवणाऱ्याकडेच परत येणारं. पहेलवान दारात उभा राहून हातात देऊन मोकळा. एका गोष्टीवर मात्र दोघांचं एकमत होतं, की हल्लीचे तज्ज्ञ म्हणजे एका टेबलामागे बसवलेले पाच सारखे दात.

खरं सांगायचं तर त्या काळी हे दोघेही कोणाला आवडत नव्हते. प्रोफेसर आले की लोक चहा टाकायला उठत आणि पहेलवान आला की लोक त्याच्या नाकाला हसत. पण आठवणींना इस्त्री मारून त्या नव्या म्हणून घालायची खोड माणसाला जुनीच आहे. आणि तसं बोलून दाखवलं तर तोंड फोडायलाही येतात.

तर गेले काही रविवार एक भलतंच घडत होतं. प्रोफेसर पडद्यावर आले, खडू उचलला, तोंड उघडलं की टीव्हीचा आवाज बंद. ओठ हलतायत, बाण निघतायत, आवाज नाही. पहेलवान बोलायला लागला की आवाज जागेवर. सलूनवाल्याने वायर बदलली, टीव्ही दुरुस्त करणाऱ्याला दाखवलं; त्याने टीव्ही ठणठणीत आहे असं सांगितलं. रिमोट वस्तऱ्यांच्या खणात कुलपात ठेवला, तरी तेच. तोही बाजारातून आणलेला दुसरा रिमोट. टीव्हीबरोबर आलेला मूळचा कधीच हरवला होता. मास्तरांनी टपालकाकांकडे संशयाने बघायला सुरुवात केली. टपालकाकांनी त्या बघण्याकडे बघायला सुरुवात केली. चाळीस वर्षांची मैत्री टाक्यातून उसवायला लागली, आणि सलूनवाल्याने जाहीर केलं की येत्या रविवारी आवाज गेला तर टीव्ही खाली काढून विकणार. ज्याला भांडायचंय त्याने आपापल्या घरी बायकोशी भांडावं.

घरी जेवताना न राहवून जावई बोलून गेला, आणि बोलताक्षणी त्याला आपली चूक कळली. सासऱ्यांनी ताट बाजूला सारलं.

"आवाजाची चोरी," ते हलकेच म्हणाले. "माझ्याकडे यायला इतके दिवस लागले तिला."

म्हणजे जावयाची आता दोन्हीकडून पंचाईत. गुन्हा सुटला नाही तर टीव्ही जाणार. सुटला तर सासरे दर रविवारी सलूनमध्ये येऊन, तो कसा सोडवला ते सांगणार.

रविवारी सासरे मफलर गुंडाळून निघाले. सुरक्षा म्हणून घराला बाहेरून कुलूप घातलं आणि किल्ली खिशात टाकली. सासूबाई शेजारी गेल्या होत्या, हा किरकोळ तपशील त्यांच्या नजरेतून निसटला.

सलून लांबट होतं. एका भिंतीला या टोकापासून त्या टोकापर्यंत आरसा. समोरच्या भिंतीत आतल्या खोलीचं दार, दाराला पडदा, आणि दाराच्या वर टीव्ही. आतल्या खोलीत सलूनवाल्याची म्हातारी आई खाटेवर असे. रविवारी खुर्च्या आरशाकडे पाठ करून टीव्हीकडे फिरवलेल्या असत आणि सलूनवाला आरशाशिवाय अंदाजाने दाढ्या करी. सोमवारी गावात वर-खाली कल्ले दिसत ते त्यामुळे.

सामना सुरू झाला तसा पडद्याआडून म्हातारीचा आवाज आला, "आजपण सगळे डावरेच खेळतायत का रे?"

सगळे हसले. म्हातारीचं हे नेहमीचं. तिच्या मते पूर्वीच्या काळी सगळे खेळाडू डाव्या पायाने खेळत, आणि हल्लीच्या पिढीने ती विद्या घालवली. सासऱ्यांनी हातानेच खूण करून हे तपासातून वगळलं. वयाचा परिणाम, ते म्हणाले.

मध्यंतर झालं. प्रोफेसर आले, खडू उचलला, तोंड उघडलं. आवाज गेला.

"कोणी हलायचं नाही," सासरे म्हणाले. कोणी हलतच नव्हतं.

त्यांचा पहिला सिद्धांत असा की पहेलवानाच्या गटातल्या कोणाच्या तरी खिशात चोरटा रिमोट आहे. गटात टपालकाका एकटेच होते. ते खुर्चीत होते, तोंडाला फेस, अर्धी दाढी झालेली. त्यांचे खिसे तपासले. चष्म्याचं घर, पेपरमिंटच्या गोळ्या आणि एक बटण निघालं. बटण मास्तरांनी ओळखलं. स्वतःच शिवलेल्या शर्टाचं होतं. सासऱ्यांनी ते कानाला लावलं, दाबून बघितलं आणि रुमालात गुंडाळून जप्त केलं.

दुसरा सिद्धांत कात्रीचा. कात्री केसांवर घासली की वीज तयार होते, ती हवेतून टीव्हीत शिरते, सबब गुन्हेगार सलूनवाला. सलूनवाल्याने शांतपणे सांगितलं की आपण आत्ता वस्तरा चालवत होतो. तर तोच वस्तरा, म्हणाले सासरे. जावई "वा" म्हणाला.

तिसरा सिद्धांत चॅनलवर होता. प्रोफेसरांनी तेव्हा काहीतरी भयंकर गुपित फोडलेलं असणार, म्हणून ते दाबलं जातंय. मास्तरांना प्रोफेसरांची भाषणं तोंडपाठ होती. ते म्हणाले की या जागी प्रोफेसर एवढंच सांगतात, की पाऊस पडला तर मैदान ओलं होईल.

"बघा," सासरे म्हणाले. "सूचक आहे."

मग सासऱ्यांनी बॅटरी मागितली आणि ठसे बघायला आरशावर झोत मारला. झोत आरशावर आपटला, उलटा फिरला आणि टीव्हीखालच्या पडद्याच्या फटीतून सरळ आत गेला.

"कोण रे तो?" आतून म्हातारी ओरडली. "डोळ्यात उजेड मारतोय मेला."

"क्षमा करा, आजी," सासरे म्हणाले आणि अदबीने बॅटरी बंद केली. "तपास चालू आहे."

जावयाच्या डोक्यात त्या क्षणी काहीतरी खुट्ट झालं. पण घरजावयाच्या डोक्यात होणाऱ्या आवाजाची दखल घ्यायची सवय कोणालाच नसते, त्यालाही नव्हती. शिवाय सासरे चौथ्या सिद्धांताकडे वळले होते. ते वळले ते जावयाकडेच. मध्ये बसणारा, मत न देणारा, गप्प. गप्प माणसाला दुसऱ्याचा आवाज खुपतो.

"मामा, तुमच्या बॅटरीचे सेल माझ्या खिशात असतात," जावई म्हणाला. "दुसरं काही मावत नाही त्यात."

तेवढ्यात पहेलवान टीव्हीवर आला आणि "मारला असता तर गेला असता" हे खणखणीत ऐकू आलं. मास्तरांचा संयम सुटला. ते टपालकाकांना म्हणाले, "टपाल्या, तुला पहिल्यापासून चार शब्द सलग ऐकवत नाहीत. पत्रं वाटलीस जन्मभर, वाचलं एक नाहीस."

टपालकाका उठले. गळ्याचं फडकं काढून खुर्चीवर ठेवलं. "दुसऱ्यांची पत्रं वाचायची नसतात, मास्तर," ते म्हणाले. "आणि मित्राचे खिसे तपासायचे नसतात." मग ते चालू लागले. पण अर्धा गाल फेसात घेऊन माणूस जाऊन जाऊन जाणार किती लांब? उंबऱ्यापर्यंत गेले आणि रस्त्याकडे तोंड करून उभे राहिले.

सलूनवाल्याने स्टूल ओढलं आणि स्क्रू ड्रायव्हर घेतला. जावयाने स्टूल धरलं. पडू नये म्हणून धरलं की चढू नये म्हणून, हे त्याचं त्यालाच सांगता आलं नसतं. पहिला स्क्रू निघाला.

इतक्यात उंबऱ्यावरच्या टपालकाकांना बाजूला सारत सासूबाई आत आल्या.

"अहो, किल्ली," त्या म्हणाल्या. "घराबाहेर बसवून आलात मला."

"आत्ता नाही. मी निष्कर्षाच्या अगदी जवळ आहे."

"बसा जवळ. मी पाणी पिते." आणि त्या सरळ पडदा सारून आत गेल्या.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. इतके रविवार तो पडदा सगळ्यांच्या नाकासमोर होता. टीव्ही बघताना नजर त्याच्यापासून हातभर वर असे. प्रोफेसर कुठल्या साली काय बोलले ते या पुरुषांना ठाऊक, पण पडद्याआडची म्हातारी दुपारभर काय करते हा प्रश्न एकालाही पडला नव्हता. अशांना तज्ज्ञ म्हणतात.

आत थोडी कुजबुज झाली, थोडं हसू. सासूबाई बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या हातात रबरबँड बांधलेला एक जुना रिमोट होता.

"खाटेवरून त्यांना टीव्ही दिसत नाही, आरशात दिसतो," त्या म्हणाल्या. "मग रिमोटही आरशाकडेच धरतात. त्यांना दिसणारे खेळाडू डावरे का, तेही बघा कळलं."

सलूनवाला स्टुलावरच बसला. "आई, हा तुझ्याकडे?"

"हरवला म्हणालास ना? मग सापडला मला," आतून उत्तर आलं.

मास्तर पडद्यापाशी गेले. आवाज शक्य तितका मऊ करून त्यांनी विचारलं की प्रोफेसरांनी तुमचं काय वाकडं केलंय.

"काही नाही बाबा. पूर्वी तो बोलायला लागला की ह्याचे वडील टीव्हीचा आवाज बंद करायचे आणि कात्री हातात घेऊन स्वतः बोलायचे, त्याच्या वरताण. बाण हवेत काढायचे. मी इथून त्यांचं ऐकायची." म्हातारी थांबली. "आता एका वेळी दोघांचं कसं ऐकू?"

स्क्रू सलूनवाल्याच्या तळहातावर होता. त्याने तो बघितला, उठला आणि जागच्या जागी पिळून बसवला. सासूबाईंनी रिमोट म्हातारीला परत नेऊन दिला.

मास्तर उंबऱ्यापाशी गेले. "टपाल्या, फेस वाळतोय," म्हणाले.

"वाळू दे."

"माझं बटण तुझ्या खिशात काय करत होतं?"

"लावून घ्यायचं होतं तुझ्याकडून. त्यासाठीच घेऊन हिंडतोय कधीचा."

मास्तरांनी त्यांना दंडाला धरून खुर्चीत आणून बसवलं. सामना संपून प्रोफेसर पुन्हा आले होते. खडू उचलला, तोंड उघडलं, आवाज गेला. आणि त्या शांततेत मास्तर उभे राहिले, सलूनवाल्याच्या हातातला कंगवा घेतला आणि हवेत बाण काढत प्रोफेसरांचं भाषण शब्दन्‌शब्द म्हणायला लागले. टपालकाका फेसातून त्यांना खोडून काढू लागले. दोघांचे आवाज चढत गेले आणि दोघांनी एकदमच मान वळवली. "तू सांग रे, कोण बरोबर?"

जावई तोंड उघडणार एवढ्यात मागून सासऱ्यांचा आवाज आला.

"मंडळी, मला पहिल्यापासून आरशाचा संशय होता." ते पडद्यासमोर, ऐन मध्यभागी उभे राहिले होते. "बॅटरी मी मुद्दामच मारली. गुन्हेगाराला सावध करायचं ही माझी जुनी पद्धत. यापुढे दर रविवारी मी इथे जातीने हजर राहीन आणि—"

पडद्याच्या फटीतून एक सुरकुतलेला हात बाहेर आला. हातात रबरबँडवाला रिमोट होता. तो या खेपेला आरशाकडे नव्हता, सरळ सासऱ्यांच्या पाठीवर रोखला होता. आरशात त्यांना तो दिसला. अंगठा दाबला गेला.

सासऱ्यांनी वाक्य तिथेच सोडलं. खिशात हात घातला, किल्ली काढून सासूबाईंच्या हातावर ठेवली आणि त्यांच्या मागोमाग घरी निघाले.

जावयाने खुर्चीत मान मागे टाकली. दोघे म्हातारे अजून त्याच्याकडेच बघत होते.

"पुढच्या रविवारी सांगतो," तो म्हणाला.