काळ्या पडद्यावरचे चौगुलेमामा

नोकरीच्या पहिल्याच दिवशी मला संगणकाने झापलं. काळ्या पडद्यावर मी तारीख टाइप केली आणि उत्तर आलं, ‘तारीख उलटी हाय की ओ. बघून टाका.’ मी दचकून मागे पाहिलं. मागे आमच्या प्रयोगशाळेचे तंत्रज्ञ चौगुलेमामा उभे होते.

“बरोबर बोलतंय त्ये,” मामा म्हणाले.

मी पुण्याहून कोल्हापुरात संशोधनासाठी आले होते. आमच्या विभागाच्या गच्चीवर लायडार आहे. तो आकाशात लेझरचा झोत सोडतो आणि परत येणाऱ्या प्रकाशावरून धूळ, धूर, ढग किती उंचीवर आहेत ते कळतं. त्या आकड्यांचं रंगीत चित्र काढणारा प्रोग्राम मामांनी स्वतः लिहिलेला. त्यात खिडक्या नाहीत, बटणं नाहीत. सगळे हुकूम टाइप करायचे. चित्र हवं तर ‘दाव’, नको असेल तर ‘पूस’. माऊस त्यांनी ड्रॉवरमध्ये कुलपात ठेवला होता. “हात कीबोर्डवरनं उठला की मनबी उठतंय,” म्हणायचे.

एकदा दिल्लीहून मोठे शास्त्रज्ञ आले. त्यांनी काहीतरी चुकीचं टाइप केलं. पडद्यावर उमटलं, ‘पावणं, हुडकतासा काय?’ त्यांनी अर्थ विचारला. मामांनी तो ‘मेहमान, क्या ढूँढते हो?’ असा हिंदीतून, दुप्पट आवाजात सांगितला. विभागप्रमुख चहा आणायच्या निमित्ताने जे गेले ते आलेच नाहीत.

मग विभागाने नवं सॉफ्टवेअर विकत घेतलं; ते वापरायची परवानगी फक्त संशोधकांना. जुना प्रोग्राम बंद करायचं काम माझ्याकडे आलं. मी जीव मुठीत धरून सांगितलं, “मामा, सोमवारपासून तुमचा प्रोग्राम बंद होणार.”

“बरं,” मामा म्हणाले.

फक्त बरं? आरडाओरडा झाला असता तरी मला इतका धक्का बसला नसता. सोमवारी मी प्रोग्राम बंद केला आणि त्याच दिवसापासून मामा कामावर यायचे थांबले. फोनही उचलेनात. गुरुवारी सकाळी मी त्यांच्या घरी गेले.

दार मामींनी उघडलं. नाकात ऑक्सिजनची नळी. खोलीची एक भिंत छतापर्यंत आमच्या लायडारच्या चित्रांनी भरलेली! मी तोंड उघडं ठेवून बघत राहिले.

“मामा कुठं आहेत?”

“कागलकडं गेल्यात, गाडीवरनं. उसाचा पाला कुठं पेटवलाय बघायला.” मामी दर दोन शब्दांनंतर थांबत होत्या. “मला धूर सोसत न्हाय. आधी हापिसात चित्र बघून फोन करायचं. आज खिडकी उघड, आज नगं. आता मशीन बंद झालं म्हणत्यात.”

मशीन मीच बंद केलं होतं.

तेवढ्यात मामा आले. डोळे लाल, शर्टावर काजळी. मला बघून दारातच थबकले.

“मामा, सांगायचं नाही का?”

“हापिसच्या यंत्रावर घरचं काम करत हुतो, मॅडम. कुठल्या तोंडानं सांगू?” पहिल्यांदाच त्यांचा आवाज मला नीट ऐकू आला नाही.

मी लॅपटॉप काढून विभागाच्या संगणकाशी जोडला आणि तिथूनच प्रोग्राम चालू केला. (तो पुन्हा बंद झाला नाही, विभागप्रमुखांशी त्यापायी मला भांडावं लागलं.) चित्र उमटताच चौथी शिकलेल्या मामींनी त्यावर बोट ठेवलं.

“ह्यो लाल पट्टा पाल्याचा धूर. काल खाली उतरला असणार, रात्रभर खोकले मी. आज वर हाय. खाली समदं निळं, म्हंजे हवा साफ.”

हे वाचायला शिकण्यात माझं अर्धं वर्ष गेलं होतं.

मामांनी चित्र एकदा बघितलं, परत एकदा बघितलं. मग खुर्ची अंगणात नेली, तिच्यावर घोंगडं घडी करून टाकलं आणि नळीचं वेटोळं हातावर घेऊन मामींच्या शेजारी उभे राहिले.

“सावकाश चल,” मामा म्हणाले. “आज घाई न्हाय आपल्याला.”