हार्गिस नगरसेवक मुदतीआधी खुर्चीवरून उतरले त्याची हकीकत

सुज्ञ वाचकांचे हुजुरी, मौजे ऑलिव्ह बेंड, मुलूख कॅलिफोर्निया, येथील टपालखान्याचा माजी अंमलदार, तीस वर्षे लोकांची पत्रे पेट्यांत घालोन आता गुडघे धरोन बसलेला, याचे लिहिणे ऐसे की, नगरसेवक ड्वेन हार्गिस खुर्चीवरून कैसे उतरले हे सर्वत्र पुसिले जाते आणि ज्यास त्यास वेगळेच सांगितले जाते, सबब जे डोळां देखिले आणि जे खाणावळीत ऐकिले ते येथे यथास्थित लिहिले आहे. कोणाचा पक्ष धरिला नाही. थोडा धरिला असेल तर लोरेनबाईंचा, आणि त्याची माफी मागणार नाही.

पूर्ववृत्त ऐसे की, गावाबाहेरून शेतांस पाणी देणारा थोरला कालवा वाहतो, त्याचे काठ काँक्रीटचे, उतरते आणि शेवाळलेले, आत पडला त्यास धरावयास काडी नाही. त्या कालव्यात अठ्ठावन्न वर्षांमागे उन्हाळ्यात लोरेन बेटेनकोर्ट यांची धाकटी बहीण अडेलीना, वय वर्षे नऊ, बुडाली. मग गावकऱ्यांनी वर्गणी करोन पोहण्याचा तलाव बांधिला, आणि लोरेनबाई वयात येताच पोहणे शिकविण्याचे चाकरीस तेथे रुजू जाहल्या, त्या एकाहत्तरावे वर्षीही हटल्या नाहीत, आणि गावातील पोर न पोर त्यांनी पाण्यात ढकलिले आणि तरंगते करोन बाहेर काढिले.

ऐशियास हार्गिससाहेब, बियाण्यांचे दुकानदार, वय साठ, यांनी मसलत केली की तलाव गळतो, सबब येत्या मार्चात तो मातीने भरावा आणि वर पिकलबॉलचे मैदान करावे. पिकलबॉल म्हणजे निवृत्त मंडळी फळीने भोकांचा चेंडू मारीत गुडघे मोडोन घेतात तो खेळ. पाचांचे सभेत तीन विरुद्ध दोन मतांनी ठराव मंजूर जाहला आणि तलावास कुलूप पडिले. त्याच सभेत बाई उठोन बोलत्या जाहल्या.

"ड्वेन, असल्या उकाड्यात पोरं जाणार कुठे?"

"अहो लोरेन, एसी आहे की सगळ्यांच्या घरी!"

"कालव्यावर जातील. कळतंय का तुला मी काय म्हणतेय?"

"तुमची बोलायची तीन मिनिटं संपली. बसा खाली."

बाई बसल्या नाहीत, तडक निघाल्या. कायदा ऐसा की, चाळीस दिवसांत दोनशे सत्तर मतदारांनी सही केली तर नगरसेवकास मुदतीआधी लोकांपुढे उभे करावे आणि ठेवावा की काढावा ते मत घ्यावे, आणि हा एक मोहरा हलोन जागी दुसरा आला की तीनांचे दोन होऊन ठराव फिरे. बाईंनी दुकानी जाऊन, खताचे पोत्यांमध्ये उभे राहोन, नोटीस स्वहस्ते हार्गिसांचे हाती दिली आणि युद्ध पुकारिले.

मग वाणसामानाचे दुकानापुढे घडीचे मेज आणि छत्री ऐसा तळ पडिला, आणि सेनापतीचा उजवा हात म्हणोन गस टाव्हारेस, ट्रॅक्टर दुरुस्त करणारा, ज्याचा आवाज चालू इंजिनावरही ऐकू येतो, तो येणाऱ्या-जाणाऱ्यास हाका मारोन अडवू लागला, आणि तिसावे दिवशी तीनशे चार सह्या हाती घेऊन दोघे मोठ्या दिमाखाने नगरसभेच्या कारकून नदीन क्विरोझ यांजकडे दाखल जाहले. नदीनबाईंनी पट्टी लावली, लाल पेन्सिल काढिली, आणि घटकाभराने मान वर केली.

"लोरेन, यातल्या दोनशे त्रेचाळीस बाद."

"का? खोट्या आहेत?"

"खऱ्याच आहेत गं. पण पत्त्याच्या जागी सगळ्यांनी टपालपेटीचा नंबर टाकलाय. राहता पत्ता लागतो. पेटीत राहतं का कोणी?"

हे ऐकोन या लेखकाचे काळजास घरे पडली. ऑलिव्ह बेंडास घरोघर टपाल जात नाही, कधी गेलेच नाही. ज्याची त्याची पितळी पेटी टपालखान्यात, आणि तीन पिढ्या लोक लग्नपत्रिकेवरही पेटीचाच नंबर छापीत आले. आपले घराचा नंबर काय हेच कोणास ठाऊक नव्हते; पत्ता म्हणजे 'टाकीमागचे पिवळे' किंवा 'कुत्रे भुंकते त्याच्या पुढचे'. जिल्ह्याचे कचेरीत यादी होती, ती मागितली तर जबाब आला की कामाचे पंधरा दिवस लागतील. मुदतीचे उरले दहा.

आता नवल पाहा. सहा वर्षांमागे घरोघरी नंबर लावावे हे फर्मान खुद्द हार्गिसांनीच काढिले होते, आणि स्वतः टेप घेऊन उन्हात गल्लीगल्ली हिंडोन नंबर पाडिले होते. कोणी पाटी ठोकली नाही, उलट हसले. परंतु साहेबांस ते नंबर सर्व मुखोद्गत. हे स्मरोन लोरेनबाईंनी कावा रचिला. हार्गिस रोज सकाळी सहाला खाणावळीत पॅनकेक खात. बाई आणि गस बरोबर पाठीमागचे मेजावर जाऊन बसले.

"टाकीमागचं पिवळं," गस गरजला, "चारशे बारा लिहू?"

"लिही."

"चारशे सोळा," पुढचे मेजावरून पुटपुटणे आले.

"काय म्हणालास ड्वेन?"

"काही नाही."

"बरं. बेकरीवाल्या बाईंचं, दोनशे दोन?"

"अरे विषम बाजू आहे ती! दोनशे सात! डोळे आहेत की बटणं?"

मग साहेबांनी खुर्ची फिरविली, आणि पॅनकेक निवाले, आणि कागदी रुमालावर नकाशा निघाला, आणि ऐसे तीन सकाळ चालोन गावची सर्व घरे नमूद जाहली. शेवटी बाईंस राहवले नाही.

"ड्वेन, हे कशासाठी चाललंय ते माहितीये ना तुला?"

"माहितीये. म्हणून काय चुकीचे नंबर लिहाल?"

लेखकाने पुष्कळ पुढारी पाहिले. त्या सकाळी मात्र त्यास हार्गिस मनापासोन आवडले.

त्याउपरि फौज दारोदार पसरली, लोकांनी आपलेच घराचा नंबर प्रथम ऐकिला आणि सही केली, आणि एकोणचाळिसावे दिवशी दोनशे एक्याऐंशी सह्या दाखल होऊन लाल पेन्सिलीस तीनच बाद सापडल्या. नोव्हेंबरात मते पडोन 'काढावा' तीनशे एकेचाळीस आणि 'ठेवावा' दोनशे अठ्ठ्याऐंशी जाहले. हार्गिस पायउतार, ठराव रद्द. तलावाची गळती एका नळाचे सांध्यात निघाली, ती गसने दोन दुपारींत बंद केली.

जूनात तलाव उघडला. पहिलेच दिवशी फाटकापाशी हार्गिस उभे. अर्धी चड्डी, खांद्यावर पंचा, पाय पांढरेफटक.

"काय रे?" बाईंनी विचारिले.

"मला पोहता येत नाही."

"जन्म गेला तुझा या गावात!"

"आधी भीती वाटायची. मग लाज."

बाईंचा हुकूम सुटला: "उथळ बाजूला उतर. कठडा धर. पाय मार."

तेव्हा माजी नगरसेवक सहा-सहा वर्षांच्या पोरांचे रांगेत पाय मारू लागले, आणि नाकातोंडात पाणी जाऊन ठसकले, आणि पोरे हसली, आणि तरी दुसरे दिवशी पुन्हा आले. जुलैचे नववे तारखेस, सकाळी दहा वाजता, ते या काठापासोन त्या काठापर्यंत कशासही न धरिता एकटे गेले. पोरांनी टाळ्या पिटिल्या. लोरेनबाईंनी तोंड फिरविले, डोळे पुसले आणि गसला हळूच म्हणाल्या,

"चला. हा काही आता कालव्याच्या हाती लागत नाही."

मतांची फत्ते नोव्हेंबरातील, ती सरकारदप्तरी आहेच. परंतु बाई ज्या फत्तेकरिता लढल्या ती ही, म्हणोन तारीख वेळेसह येथे दाखल करोन लेखणी खाली ठेविली.